राहिलेल्या ओंजळी

भटूभाऊंनी डबा उचलला, गिरणीच्या तोंडाशी नेला आणि ओतण्याआधी क्षणभर हातातच तोलला. "वहिनी, औंदा डबा हलका लागतोय," ते म्हणाले, आणि दिपमालाने काही बोलायच्या आत गहू सरसरत खाली गेलेसुद्धा. कानबाई देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी जळगावातल्या त्या गल्लीत गिरणी सकाळीच धुऊनपुसून घेत, तिला हळदकुंकू वाहत, आणि मग दिवसभर फक्त नैवेद्याच्या रोटांचे गहू दळत. रांगेतल्या प्रत्येकीच्या डब्यावर कोरं फडकं बांधलेलं असे. मागे उभी असलेली शेजारची कामिनी म्हणाली, "भाऊ, डबा हलका नाही, तुमचेच दंड भरलेत," आणि बायका हसल्या. दिपमालाही हसली. गिरणीचा पट्टा फटफटत होता, पिठाचा धुरळा उन्हाच्या तिरिपेत तरंगत होता, आणि ती मनातल्या मनात मोजत होती. आईंच्या पाच. ह्यांच्या पाच. आपल्या पाच. आणि त्यानंतर? त्यानंतर तिने डब्यावर फडकं बांधलं होतं. ते बांधतानाची गाठ तिला अगदी स्पष्ट दिसली. गाठीचं एक टोक लांब राहिलं होतं, ते तिने आत खोचलं होतं. गाठीच्या आधी लेकीच्या, रूपाच्या, ओंजळी कुठेच नव्हत्या.

त्यांच्या घरची रीत अशी होती की रोटासाठी माणसामागे पाच ओंजळी गहू घ्यायचे. माप लावायचं नाही, हातानेच घ्यायचे, घेताना त्या माणसाचं नाव मनात म्हणायचं आणि तोंड मिटलेलं ठेवायचं. एकदा मोजून झालं की मागाहून त्यात दाणाही घालायचा नाही. इतकी वर्षं हे काम सासूबाई करत. भागाबाईंच्या ओंजळी मोठ्या होत्या, शेतात राबलेल्या हातांच्या. यंदा मात्र त्यांनी पाट दिपमालाकडे सरकवला. "औंदा तू मोज व माय," त्या म्हणाल्या, "मना हात थरथरतस." आणि स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. डोळ्यांना तसंही त्यांना फारसं दिसत नव्हतं. गल्लीतल्या पुष्कळ घरांत रोटाला फक्त पुरुष माणसं मोजत, पण रूपा जन्मली त्या साली भागाबाईंनी कुणाला न विचारता तिच्याही ओंजळी डब्यात टाकल्या होत्या. दिरांनी काही म्हणून पाहिलं, तेव्हा त्यांनी मान वर न करता एवढंच सांगितलं होतं, "मनी नात शे. तिना बी वाटा शे." त्यानंतर दरवर्षी रूपाचा वाटा होताच. वाटा थांबतो तो दोनच वेळी. मुलगी लग्न होऊन जाते तेव्हा, आणि दुसऱ्या वेळी. ती दुसरी वेळ दिपमालाने या घरात पाहिली होती. सासरे वारले त्या वर्षी भागाबाईंचे भरलेले हात डब्यावर तसेच थांबले होते, मग त्यांनी ते गहू हळूच पोत्यात परत सोडले होते, आणि घरभर त्या दाण्यांचा आवाज झाला होता. त्याच दिवशी केव्हातरी, कुणाला उद्देशून नव्हे अशा आवाजात, त्या म्हणाल्या होत्या, "जेना वाटा नही, तेनावर मायनी नजर नही." ज्याचा वाटा नाही त्याच्यावर कानबाईची नजर नाही, हे दिपमालाने तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. आज गिरणीच्या दारात ते शब्द असे उभे राहिले की जणू बारा वर्षं दाराआडच थांबले होते.

पिठाचा डबा कडेवर घेऊन ती निघाली. दळलेलं पीठ गरम असतं. डब्याची ऊब पदरातून कमरेला लागत होती, तापलेल्या लेकराला घेऊन चालल्यासारखी. ती एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करत होती. दिवसभर लोकांची नावं लिहायची, बाटल्यांवर चिकटवायची, हाताखालून शेकडो बाटल्या जायच्या, आणि इतक्या वर्षांत तिच्या हातून एका माणसाचं नाव दुसऱ्याच्या बाटलीवर गेलेलं नव्हतं. डॉक्टर नव्या मुलींना सांगत, दिपमालाबाईंसारखं काम करा. आणि स्वतःच्या पोटच्या मुलीचं नाव तिच्या हातातून निसटलं. हाताला सवय झाली, असं ती स्वतःला समजावू लागली. महिनाभर तीन माणसांचाच स्वयंपाक होतोय, कणीक तिघांची, भात तिघांचा, हात तिघांवरच थांबायला शिकला. सोपं होतं. पण नाक्यावर रिक्षा जाऊ देण्यासाठी ती थांबली आणि त्या सोप्याखाली दुसरं काहीतरी हललं. गहू मोजले त्याच्या आदल्या संध्याकाळी धुळ्याच्या कॉलेजातून रूपाचा फोन आला होता. कानबाईला यायला जमणार नाही म्हणाली. रविवारी कबड्डीच्या निवडीचे सामने ठेवलेत, सरांनी सगळ्यांना थांबवलंय. एकाच दमात सांगून मोकळी झाली, आवाजात वाईट वाटल्याची खूणसुद्धा नव्हती, मागे कुणीतरी मुली हसत होत्या. दिपमाला म्हणाली होती, बरं. फोन ठेवून तिने भांडी घासली, आणि घासताना तिच्या मनात एक वाक्य आलं होतं. राहा तिकडेच. पुरतं आलंही नव्हतं, पातेल्यावर हात जरा जोरात फिरला इतकंच. मग दुसऱ्या दिवशी हात विसरला की हाताने ऐकलं? रिक्षा कधीच निघून गेली होती. मागचा सायकलवाला घंटी वाजवत होता. ती रस्ता ओलांडून गेली तरी प्रश्न तिच्या आधी पलीकडे पोचलेला होता.

रूपा लहानपणी श्वासाच्या त्रासाने आजारी असे. पावसाळ्याच्या तोंडाशी, दिवाळीच्या धुरात, कुणी घरात फोडणी दिली तरी तिच्या छातीत बारीक शीळ सुरू व्हायची. दिपमालाला ती शीळ डॉक्टरांच्या नळीच्याही आधी ऐकू येई. पोरीला उताणी न ठेवता मांडीवर पालथी घ्यायची आणि पाठीच्या दोन फासळ्यांच्या मधे कान टेकवायचा. तिथे तिला सगळं कळे. आत हवा कशी येते, कुठे अडते, कशी वाट काढते. दुपार दुपार ती तशी बसलेली असे, कान पाठीला, डोळे भिंतीवरच्या पालीकडे. हळूहळू तिचा स्वतःचा श्वासही रूपाच्या श्वासाबरोबर चालू लागे, आणि रूपाचा अडला की तिचाही अडे. दिपमालाचा नवरा ज्ञानेश्वर चटयांच्या कारखान्यातून येई, चपला काढता काढता दोघींकडे बघे आणि म्हणे, अगं, तिला हवा पुरत नाही, ठीक आहे, तू का कोंडून घेतेस? तो थट्टा करी, पण आवाज खाली ठेवून. डॉक्टरांनी पंप दिला, निळा, आंगठ्याएवढा. तो घरात देवापेक्षा जास्त हाताळला गेला. दिपमालाला वाटे की आपण ऐकतोय म्हणून श्वास चालू आहे. कान उचलला तर थांबेल. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि हसण्याने ते खोटं ठरलं असतं. ते खोटं ठरावं असंही तिला पुरतं वाटत नव्हतं.

कबड्डी शाळेत सुरू झाली. रोहिदास सर म्हणून खेळाचे शिक्षक होते, फार बोलणारे नव्हते. त्यांनी रूपाला कडेला बसलेली पाहिली आणि डॉक्टरांना स्वतः जाऊन विचारून आले. डॉक्टर म्हणाले, पळू द्या, हळूहळू छाती उघडेल. दिपमाला शाळेत भांडायला गेली होती. सरांनी तिला खुर्ची दिली, मैदानाच्या कडेला, आणि म्हणाले, "ताई, तुम्ही इथं बसा. तिला काही झालं तर तुम्ही माझ्याआधी पोचाल." ती बसली. रोज बसू लागली. रूपा मध्यरेषेवर वाकून मातीला हात लावी, कपाळाला नेई, आणि कबड्डी कबड्डी म्हणत पलीकडे शिरे. एका श्वासात जायचं आणि त्याच श्वासात परत यायचं. हा काय खेळ झाला, असं दिपमालाला वाटे. ज्या पोरीच्या श्वासावर इतकी वर्षं पहारा दिला, तिने तो मुद्दाम शत्रूच्या घरात घेऊन जायचा. पलीकडच्या मुली हात पसरून साखळी करत, मागे सरत, वाट देत, आणि मग अचानक सगळ्या मिळून अंगावर पडत. त्या ढिगाऱ्याखालून कबड्डी कबड्डी हा आवाज बारीक होत जाई, आणि दिपमाला खुर्चीत श्वास धरून बसलेली असे. ढीग उकलून रूपा उठे, गुडघा झटके, पुढच्या दातांमधली फट दाखवत हसे. दिपमालाला उठायला मात्र खुर्चीचा दांडा धरावा लागे. पुढे पंप लागेनासा झाला. चार वर्षं तो लागला नाही. पोरगी उंच झाली, खांदे भरले, जिल्ह्यात खेळली, आणि बारावीनंतर धुळ्याच्या एका कॉलेजने तिला खेळाडू म्हणून बोलावून घेतलं, वसतिगृहासकट. सगळे म्हणाले, नशीब काढलं. दिपमालानेही पेढे वाटले. जुलैत तिची बॅग भरताना तिने कपड्यांच्या तळाशी, मोज्यात गुंडाळून, नवा पंप ठेवला. रूपाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने काढून टाकला असता.

तो पंप त्या शनिवारी दुपारी सापडला. कानबाईचे दागिने एका पत्र्याच्या डब्यात असत, कपाटाच्या वरच्या खणात. नथ, डोरलं, नारळाच्या देवीला घालायची छोटी कानातली. डबा काढताना तिचा हात मागे एका मऊ वस्तूला लागला. मोजा. आणि मोज्यात पंप. रूपाने तो निघायच्या आधीच काढून ठेवला होता, तिला सापडेल अशा जागी, पण लगेच सापडणार नाही अशा जागी. दिपमाला स्टुलावर उभी होती. खाली भागाबाई नारळाला हळद लावत होत्या आणि पुटपुटत होत्या. तिला वाटलं स्टूल जरा हललं. धुळ्याच्या त्या खोलीत, जिथे तिने एकच दुपार घालवली होती, चार लोखंडी पलंग होते, एका खिडकीला काच नव्हती, आणि कुणाच्याही पाठीला कान लावणारं कुणी नव्हतं. आणि आता वाट्याचे गहू नव्हते. पंप नाही, कान नाही, गहू नाहीत. एकेक करून तिने पोरीवरून सगळं काढून घेतलं होतं. खाली उतरून तिने फोन लावला. लागला नाही. सामन्यांच्या आदल्या दिवसापासून तिथले सर फोन जमा करून घेतात हे तिला माहीत होतं. माहीत असण्याचा काही उपयोग नव्हता. तिने पुन्हा लावला.

रविवारी देवी बसली. नारळाला नथ घातली, लुगडं नेसवलं, तिचा चेहरा दरवर्षी असतो तसाच झाला, थोडा मिस्कील, थोडा रागीट. दिपमाला तिच्याकडे बघायचं टाळत होती. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी झाली, आणि रोट झाले. रोट लाटताना प्रत्येक वेळी तिला वाटे, एखादवेळी पीठ पुरेल. चौघांचे होतील. पण पीठ जेवढं होतं तेवढंच होतं, आणि देवीपुढे तीन चवडी लागल्या. ज्ञानेश्वरचं लक्ष गेलं नाही, त्याला भूक लागली होती. भागाबाईंनी चवडींवरून हात फिरवला. त्यांचा हात तिसऱ्या चवडीवरून पुढे गेला, पाटाच्या रिकाम्या कोपऱ्यावर क्षणभर राहिला आणि मागे आला. दिपमालाला वाटलं, विचारतील. विचारलं असतं तर ती रडली असती आणि सुटली असती. पण म्हातारीने पदर डोक्यावर घेतला आणि आरती सुरू केली. संध्याकाळी बायका गाणी म्हणायला जमल्या, टाळ्यांनी घर दणाणलं, आणि त्याच वेळी फोन वाजला. दिपमाला मोरीत जाऊन उभी राहिली, एका कानात बोट घालून. रूपाचा आवाज घोगरा होता, तुटक. "मम्मी, झाले सामने. बाकी उद्या सांगते. आवाज बसलाय." दोन शब्दांच्या मधे श्वास ओढल्याचं तिला ऐकू आलं, किंवा ऐकू आलं असं वाटलं, किंवा ती टाळी होती. ती म्हणाली, जोरात श्वास घेऊन दाखव बरं. पलीकडून रूपा हसली, आणि हसणं खोकल्यात गेलं. मग फोन बंद झाला. मोरीतल्या बादलीत नळाचा एकेक थेंब पडत होता. ती ते थेंब ऐकत उभी राहिली, आणि दोन थेंबांमधे जरा जास्त वेळ गेला की ती नळाकडे वळून बघे.

ती गोष्ट तिला तिथे, मोरीतच सुचली. डब्यात पंधरा ओंजळी आहेत. त्यात भर घालता येत नाही. पण त्या कुणाच्या, हे ओंजळी सांगत नाहीत. नावं तिनेच मनात म्हटली होती, तोंड मिटून. तिच्याखेरीज कुणालाच ती ठाऊक नव्हती. आईंच्या पाच, ह्यांच्या पाच, आणि रूपाच्या पाच. मोजायची राहिली ती आपण. हे इतकं सरळ होतं की तिला भोवळ आल्यासारखं झालं. नाव एका बाटलीवरून काढून दुसरीवर लावायचं, जे तिने जन्मात केलं नव्हतं. बाहेर येऊन ती जेवायला वाढू लागली. रोट घरच्या माणसांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि ते पौर्णिमेच्या आत संपवायचे. तिने स्वतःच्या पानात पोळी घेतली, खीर घेतली, रोट घेतला नाही. "रोट खादा का तू?" भागाबाईंनी विचारलं. ती म्हणाली, खाल्ला आई. इतक्या सहज खोटं बोलली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. आणि त्यानंतर भीती जागा बदलू लागली. आधी ती दूर होती, शंभर किलोमीटरवर, एका बिनकाचेच्या खिडकीत. आता ती जवळ आली, तिच्याच मानेवर बसली. गरम तेलात भजी सोडताना तिने हात लांब धरला. जिन्यावरून उतरताना कठडा धरला. आपल्यावर आता कुणाची नजर नाही, असं वाटायला लागलं की घरातली प्रत्येक वस्तू धारदार होते.

सोमवारी सकाळी मेहरुण तलावावर देवी पोचवली. परत आल्यावर दिपमालाने तिसरी चवड स्टीलच्या डब्यात भरली, पंप पर्समध्ये टाकला आणि ज्ञानेश्वरला सांगितलं की ती धुळ्याला जाऊन येते. तो कामावर निघाला होता. म्हणाला, काल तर बोललीस तिच्याशी. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, जा बाई, पण मैदानावर जाऊन डोळे वटारून बसू नकोस, समोरच्या पोरी घाबरून हात सोडतील आणि फुकट गुण मिळतील आपल्याला. भागाबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांनी डब्यावर बोट वाजवून पाहिलं.

"रोट लई चालनी?"

"हो आई. रूपाला."

"कोना वाटाना?"

कुणाच्या वाट्याचे ते न सांगता दिपमालाने चपला पायात सरकवल्या. म्हातारीने डब्यावरचा हात काढला नाही.

"तुना शेतस ना? मंग तू जाण. पोरले सांग, आजी वाट दखी राहिनी."

पाळधी, एरंडोल. बस भरलेली होती आणि ती खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंनी कपाशी गुडघ्यापर्यंत आलेली, मधे केळीचे हिरवे चौकोन. डबा मांडीवर. समोरून ट्रक आला की ती डोळे मिटे. लोक या रस्त्यावरून रोज जातात, असं ती स्वतःशी म्हणत होती, पण त्या लोकांचे गहू मोजलेले असतील. मग ही काय मूर्खपणाची बडबड, असंही तिला वाटे. आपण लॅबमध्ये काम करतो, रक्तात काय असतं ते आपल्याला माहीत आहे, त्यात ओंजळी नसतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या, आणि बस दोन्हींना घेऊन चालली होती. पारोळ्याला पाणी प्यायला उतरावं असं वाटलं, उतरली नाही. बस आपल्याला सोडून गेली तर? मग तिच्या लक्षात आलं की एरंडोलपासून आपण रूपाचा विचारच केलेला नाही. इतका वेळ ती स्वतःसाठी घाबरत होती. आणि हे घाबरणं सोपं होतं. ते अंगाला मापात बसत होतं. रूपासाठीच्या भीतीला असं माप कधीच नव्हतं.

धुळ्याला उतरून रिक्षाने ती पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात गेली. मैदानावर पत्र्याच्या छपराखाली निळ्या गाद्या अंथरलेल्या होत्या. मुलींचा सराव चालू होता. ती खांबाआड उभी राहिली. रूपा लगेच ओळखू आली नाही, हे तिला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं. केस कानापर्यंत कापले होते. पायात गुडघ्याच्या पट्ट्या. ती मध्यरेषेवर वाकली, गादीला हात लावून कपाळाला नेला आणि शिरली. कबड्डी कबड्डी, घोगऱ्या आवाजात. दिपमालाने श्वास धरला. रूपा उजव्या कोपऱ्याकडे गेली, पाय टाकला, मागे घेतला, वळली, आणि डावीकडच्या मुलीने घोटा धरला. साखळी मिटली. पाच जणी अंगावर पडल्या. ढिगाऱ्यातून एक हात बाहेर आला, बोटं रेषेकडे ताणलेली. आवाज चालू होता, बारीक, मग आणखी बारीक. दिपमालाच्या छातीत काहीतरी लाल होऊ लागलं, कानात घंटा वाजू लागली, आणि तिला एकदम कळलं की आपला दम संपलाय. तिने श्वास घेतला. मोठा, आवाज करून. खांबाला धरून तिने आणखी दोनदा श्वास घेतला, आणि ढिगाऱ्याखालचा तो आवाज तिकडे अजून चालूच होता. तिने सोडून दिल्यानंतरही चालू होता. मग हात रेषेपाशी पोचला की नाही ते तिला दिसलं नाही, शिट्टी झाली, मुली उठल्या, कुणीतरी कुणाला टपली मारली.

"मम्मी? तू काय करतेस इथं?" रूपा घामाने निथळत होती. तिचा आवाज खरंच बसलेला होता, ओरडून ओरडून. संघात घेतलं होतं तिला, दिवाळीनंतर नाशिकला स्पर्धा होत्या, हे आज संध्याकाळी फोनवर सांगणार होती. बरोबर एक सावळी, ठेंगणी मुलगी होती, पाणी पीत. उषा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावची, शेजारच्या पलंगावरची. दिपमालाने न राहवून पर्समधून पंप काढला आणि रूपाच्या हातात दिला. रूपाचं तोंड उतरलं. उषा मात्र निवांतपणे म्हणाली, "आहे मावशी हिच्याकडं. नवा घेतला ना मागच्या महिन्यात." रूपाने तिला कोपराने ढोसलं. पण आता बोलणं बाहेर आलं होतं. आल्या आल्या, पहिल्याच आठवड्यात, वसतिगृहात फिनेल टाकून धुतलं होतं. त्या रात्री रूपा अंथरुणात उठून बसली. उषा म्हणाली, छाती शिट्टी मारत होती, आमच्याकडं लहान पोरांना बघतात तसं मी पाठीला कान लावला, मग गरम पाणी पाजलं, चोळत बसले. सकाळी सरांनी दवाखान्यात नेलं. आता बरीये. तिने हे असं सांगितलं की जणू कुणाची छत्री हरवली होती आणि सापडली.

"मला का नाही सांगितलंस?" दिपमालाने विचारलं.

रूपा नखाने पट्टीचा धागा उकलत होती. "सांगितलं असतं तर तू तिकडं श्वास धरून बसली असतीस. मग मला इथं घ्यायला बरं नाही वाटत."

पहिला आठवडा. दिपमाला तो आठवडा शोधू लागली. तेव्हा गहू पोत्यात होते, कुणी मोजलेही नव्हते. मागच्या वर्षीचा वाटा देवीने खाल्लेला होता. म्हणजे आपल्या हाताने काही झालं नव्हतं. यातून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि तिला उलट पायाखालची जमीन खचल्यासारखं झालं. कारण त्या आठवड्यातलं तिला सगळं आठवत होतं. ती रोज झोपली होती. एका रात्री लाइट गेली म्हणून ज्ञानेश्वरने कारखान्यातल्या कुणाची तरी नक्कल करून दाखवली होती आणि ती पोट धरून हसली होती. एकदाही दचकून उठली नव्हती. एकदाही कान वाजला नव्हता. तिची पोरगी इथे श्वासासाठी उठून बसली होती आणि तिला तिकडे काहीच कळलं नव्हतं, एवढंसुद्धा नाही. अठरा वर्षांचा पहारा, आणि नेमक्या त्या वेळी पहाऱ्यावर दुसरंच कुणी होतं, ज्याला तिने आजवर पाहिलंही नव्हतं. तिने उषाकडे पाहिलं. उषाचा उजवा कान लहान होता, त्यात प्लास्टिकचं फुलाचं कानातलं होतं.

त्या तिघी छपराच्या पायरीवर बसल्या. रूपाने डबा उघडला आणि रोटाचा घास दातानेच तोडला. "आजीचे रोट," ती भरल्या तोंडाने उषाला म्हणाली. "आमच्यात हे बाहेरच्यांना देत नाहीत, नाहीतर तुला दिला असता." उषा म्हणाली, राहू दे, आमच्यातपण असतं असं एकेक. आणि तिने खरोखरच मनात काही न धरता पाण्याची बाटली तोंडाला लावली. दिपमाला दोघींच्या मधे बसली होती. तिला मोरीतला नळ आठवला, तीन चवडी आठवल्या, म्हातारीचा पाटाच्या रिकाम्या कोपऱ्यावर थांबलेला हात. काय होईल ते तिला माहीत नव्हतं. भीती कुठे गेलेली नव्हती, जिभेखाली बसून होती. ती म्हणाली, "दे तिला." रूपाने वळून पाहिलं. "दे म्हणते ना. पुरा दे." रूपाने दिला. उषाने तो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, मग खाल्ला. "तू घे ना मम्मी," रूपा म्हणाली, आणि दिपमालाने सांगितलं की तिने घरी पोटभर खाल्लाय. रूपा तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग शिट्टी झाली. दोघी उठल्या. रूपाने हात पुसून डबा बंद केला, आईच्या पिशवीत ठेवला, आणि जाता जाता तिच्या खांद्यावर घामेजलेला हात असा आपटला की जसा ती संघातल्या मुलींच्या खांद्यावर आपटत असेल.

परतीच्या बसमध्ये तिला पुन्हा खिडकीशीच जागा मिळाली. समोरून ट्रक येत होते. पहिल्या दोन ट्रकांना तिने डोळे मिटले. पारोळ्याला माणसं उतरली, चढली, एका बाईने लेकराला उभं करायला जागा मागितली, म्हणून दिपमालाने पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. पिशवी जड लागली. रोट पोरींनी संपवले असतील असं तिने धरलं होतं, आणि रिकामा डबा इतका जड लागत नाही. तिने क्षणभर तो तसाच हातात तोलला, मग झाकण उघडलं. आत दोन रोट होते, आणि त्यांच्यावर एक अर्धा, एका बाजूने दाताने तोडलेला. रूपाच्या पुढच्या दोन दातांमधली ती बारीक फट रोटाच्या कडेवर जशीच्या तशी उमटली होती. बस सुटली. लेकरू तिच्या गुडघ्याला धरून उभं होतं आणि डब्यात बघत होतं. तिने आधी त्याला एक तुकडा दिला. मग ती उष्ट्या बाजूने खाऊ लागली.